जास्तीचे ऑइल इंजिनात राहत नाही

ग्रास कटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, असे गावात कुणालाही विचारा. उत्तर मिलिलिटरमध्ये क्वचितच मिळते. ‘लिटरला दोन टोपणे’ असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, ‘पेट्रोलला रंग आला की पुरे.’ आणि सगळ्यांचे एकमत असलेला सल्ला शेवटी येतोच : ‘काका, थोडे जास्तच घाला, इंजिनाला बरे असते.’ सल्ला आपुलकीचा असतो, त्यामागे अनुभवही असतो. ऑइल कमी पडून पिस्टन जाम झालेले यंत्र प्रत्येकाने पाहिलेले असते. ऑइल जास्त झाल्यामुळे त्रास झालेला माणूस मात्र कुणाच्या लक्षात आलेला नसतो.

तो माणूस असतो. सहा-सात तास यंत्र खांद्याला अडकवून बागेतले रान कापणारा, संध्याकाळी डोके धरून बसणारा, ‘ऊन लागले’ म्हणून गोळी घेऊन झोपणारा. त्याच्या डोकेदुखीला आणि खोकल्याला ऊन, धूळ, झोप अशी दहा कारणे असू शकतात. पण त्यांतले एक कारण आपण स्वतः बाटलीतून ओतत असतो आणि ते कमी करणे आपल्या हातात असते. म्हणून टू-स्ट्रोक इंजिनासाठी कोणते ऑइल घ्यायचे आणि किती मिसळायचे, हा विषय मेकॅनिकपुरता न ठेवता आरोग्याच्या सदरात आणणे गरजेचे वाटते.

टू-स्ट्रोक म्हटले की अनेकांना जुनी स्कूटर, आरएक्स १०० किंवा निळा धूर सोडणारी रिक्षा आठवते. ती वाहने रस्त्यावरून जवळजवळ गेली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी फोर-स्ट्रोक इंजिने आली. पण टू-स्ट्रोक इंजिन संपले नाही, ते रस्त्यावरून शेतात आणि बागेत गेले. वजनाला हलके, कसेही वाकडे धरले तरी चालणारे आणि किमतीला परवडणारे म्हणून ते ग्रास कटरमध्ये आहे, पाठीवरच्या फवारणी यंत्रात आहे, झाडे कापायच्या चेन सॉमध्ये आहे. कोकणात पाऊस ओसरल्यावर आंबा-काजूच्या बागांची साफसफाई बहुतेक या यंत्रांवरच होते. मजूर मिळत नाहीत आणि कोयत्याने एकरभर रान काढायला दिवसच्या दिवस जातात. यंत्र वाईट नाही. प्रश्न त्याच्या टाकीत काय जाते आणि सायलेन्सरमधून काय येते, हा आहे.

ऑइल जाते कुठे?

मोटारीच्या किंवा आजच्या मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळे असते. ते खाली साठलेले असते, इंजिनभर फिरते आणि पुन्हा खाली येते. काही हजार किलोमीटरनंतर आपण ते बदलतो. टू-स्ट्रोक इंजिनात अशी सोय नाही. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी इंजिनाच्या खालच्या पोकळीतून, म्हणजे क्रँककेसमधून जाते आणि मग पिस्टनच्या वर पोहोचते. त्यामुळे बेअरिंग, पिस्टन, सिलिंडर यांना वंगण मिळण्याचा मार्ग एकच : पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणे. ते ऑइल वाटेत धातूवर पातळ थर धरते आणि मग पेट्रोलबरोबर पुढे जाते. परत फिरून येणे नाही.

म्हणजे आज टाकीत घातलेल्या ऑइलचा जवळजवळ प्रत्येक थेंब थोड्या वेळात सायलेन्सरमधून बाहेर पडणार असतो, काही जळून, काही अर्धवट जळून आणि काही तसाच. धातूला लागणारा थर भरला की उरलेल्या ऑइलला इंजिनात काम नसते. त्याचा एक भाग काजळी होऊन आत चिकटतो आणि बाकीचा निळसर धूर होऊन यंत्र धरलेल्या माणसाच्या भोवती तरंगतो.

या इंजिनाची आणखी एक खोड आहे. जळलेला वायू बाहेर जाण्याचा मार्ग उघडा असतानाच ताजे मिश्रण आत येते. त्यामुळे काही ताजे पेट्रोल न जळता थेट बाहेर निसटते. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक वाहनांत हे प्रमाण १५ ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकते, असे जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक वाहनांवरच्या २००० सालच्या अहवालात नोंदवले होते. आजच्या काही चांगल्या यंत्रांत ही गळती कमी करणारी रचना असते, पण स्वस्त यंत्रांत ती असेलच असे नाही. न जळलेल्या पेट्रोलबरोबर त्यातले बेन्झीन येते, आणि बेन्झीन माणसाला कर्करोग करते हे ठामपणे सिद्ध झालेले आहे. न जळलेल्या ऑइलचे थेंब तर इतके बारीक असतात की नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर जातात.

‘जास्त बरे’चा उलटा हिशेब

ऑइल कमी पडले तर इंजिन जाम होते, यात शंका नाही. म्हणून जास्त घातले तर अधिक सुरक्षित, असे मन सांगते. पण जास्तीचे ऑइल इंजिनालाही मानवत नाही. प्लग काळा पडतो, यंत्र सुरू व्हायला दहा वेळा दोरी ओढावी लागते. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने बुजते. पिस्टनच्या रिंगा चिकटतात. मग मेकॅनिक इंजिन उघडतो, काजळी खरवडतो आणि पुन्हा तोच सल्ला देतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कार्बोरेटर पेट्रोल आणि ऑइल वेगळे ओळखत नाही. त्याच्या बारीक भोकातून ठरावीक मापाचे द्रव जाते. त्या द्रवात दोन टक्क्यांऐवजी आठ टक्के ऑइल असेल तर तेवढे पेट्रोल कमी जाते. पेट्रोल कमी आणि हवा तेवढीच, म्हणजे मिश्रण ‘पातळ’ होते, आणि पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापते. ज्या भीतीने ऑइल जास्त घातले, त्याच दिशेला आपण इंजिन थोडे ढकलतो.

पैशांचा हिशेबही करून पाहू. समजा दिवसाला चार लिटर पेट्रोल लागते. सुटे ऑइल २०० रुपये लिटरने मिळाले आणि अंदाजाने ते लिटरला ८० मिलि पडले, तर दिवसाला ३२० मिलि, म्हणजे ६४ रुपये होतात. त्याऐवजी ५०० रुपये लिटरचे चांगले ऑइल घेतले आणि यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे लिटरला २० मिलि मोजून घातले, तर दिवसाला ८० मिलि, म्हणजे ४० रुपये होतात. पुस्तिकेत लिटरला ४० मिलि सांगितले असेल तर खर्च ८० रुपयांवर जाईल, म्हणजे सोळा रुपये जास्त. दर आपापल्या बाजारातले घालून पाहावेत. ‘महागडे ऑइल परवडत नाही’ हे वाक्य मोजून पाहिल्यावर अनेकदा टिकत नाही आणि टिकले तरी फरक चहा-भज्यांइतका असतो.

डब्यावर काय वाचायचे?

दुकानात ऑइल निळे, हिरवे, लाल अशा रंगांत मिळते. रंगावरून प्रत कळत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले आहे एवढे ओळखू यावे म्हणून तो रंग घातलेला असतो. पाहायची असते ती डब्याच्या मागच्या बाजूची बारीक इंग्रजी अक्षरे.

पहिले चिन्ह ‘जासो’चे. जपानमधल्या वाहन उद्योगाने टू-स्ट्रोक ऑइलसाठी एफबी, एफसी आणि एफडी अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यासाठी ऑइलची वंगणक्षमता, स्वच्छता, धूर आणि सायलेन्सर बुजण्याचे प्रमाण यांच्या चाचण्या होतात. एका ठरावीक नमुना ऑइलला १०० गुण धरून तुलना केली जाते. गुण जितके जास्त, तितका धूर कमी. एफबी प्रतीला धुराच्या चाचणीत किमान ४५ गुण पुरतात, एफसी आणि एफडीला मात्र किमान ८५ लागतात. धुराची अट दोघांना सारखीच. एफडी त्यापुढे जाऊन तापलेल्या इंजिनात पिस्टन अधिक स्वच्छ ठेवते. म्हणून दिवसभर यंत्र चालवणाऱ्याने एफडी घ्यावे, अधूनमधून वापरणाऱ्याला एफसी पुरेसे आहे. त्याखालचे घेऊ नये. डब्यावर आंतरराष्ट्रीय खूण असेल तर ‘ईजीसी’ आणि ‘ईजीडी’ ही साधारण त्याच तोडीची नावे. ‘एपीआय टीसी’ ही जुनी अमेरिकी खूण एकटीच असेल तर ऑइल वंगण चांगले करेल, पण धूर कमी असल्याची खात्री त्या खुणेतून मिळत नाही.

कमी धुराचे ऑइल वेगळे कशामुळे ठरते? जुन्या ऑइलमध्ये जड खनिज तेलाचा भाग मोठा असे. ते पूर्ण जळत नाही आणि त्याचाच धूर दिसतो. कमी धुराच्या ऑइलमध्ये त्या जड तेलाची जागा पॉलिआयसोब्युटिलीन नावाचा कृत्रिम पदार्थ घेतो. तो वंगणाचे काम करतो आणि तापला की सुटा होऊन बऱ्यापैकी स्वच्छ जळतो.

आता काय घेऊ नये ते. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल यात घालू नये. त्यात कॅल्शियम, झिंक अशा धातूंची द्रव्ये असतात. ती फिरत्या ऑइलमध्ये उपयोगी पडतात, पण जाळली की राख सोडतात. ती राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. किनाऱ्यावरच्या गावांत, मालवण असो की हर्णै, होडीच्या इंजिनाचे ऑइलही सहज मिळते. त्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असे लिहिलेले असते. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले आहे. ग्रास कटरचे इंजिन हवेवर थंड होते आणि कितीतरी जास्त तापते. होडीचे ऑइल होडीतच बरे.

आणि सर्वांत वाईट म्हणजे जळके ऑइल, गॅरेजमध्ये गाडीतून काढलेले काळे ऑइल. फुकट मिळते म्हणून किंवा सुट्या ऑइलमध्ये भेसळ होऊन ते टाकीत पोहोचते. त्यात धातूंचे कण असतात आणि कर्करोगकारक म्हणून ओळखली जाणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बने असतात. ते इंजिनात घालून जाळणे म्हणजे गाडीची घाण स्वतःच्या तोंडासमोर धुरी करून घेणे होय. सुटे ऑइल घेऊ नये, सीलबंदच घ्यावे, याचे खरे कारण हे आहे.

टोपण नको, माप हवे

प्रमाणाबाबत शेवटचा शब्द यंत्राच्या पुस्तिकेचा, शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा नव्हे. पुस्तिकेत ५०:१ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलि ऑइल. ४०:१ असेल तर २५ मिलि. २५:१ असेल तर ४० मिलि. काही कंपन्या स्वतःच्या ऑइलसाठी ५०:१ आणि इतर ऑइलसाठी अधिक दाट प्रमाण सांगतात, तेही नीट वाचावे. नवे यंत्र असेल तर पहिल्या काही तासांसाठी जास्त ऑइल सांगितलेले असू शकते. ते तेवढ्यापुरतेच असते, पण अनेक ठिकाणी तेच प्रमाण यंत्र भंगारात जाईपर्यंत चालते. उलट बाजूने, चांगले ऑइल घेतले म्हणून २५:१ च्या यंत्रात आपल्या मनाने ५०:१ करू नये. धूर कमी करायचा तो ऑइलची प्रत वाढवून आणि माप अचूक ठेवून. यंत्राला उपाशी ठेवून नव्हे.

मापासाठी महागडे साधन लागत नाही. औषधाच्या दुकानात २० किंवा ५० मिलिची बिनसुईची सिरिंज मिळते. तिच्यावर ठळक अक्षरात ‘ऑइल’ लिहावे आणि ती औषधासाठी पुन्हा वापरू नये. मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये. वेगळ्या कॅनमध्ये आधी अर्धे पेट्रोल, मग मोजलेले ऑइल, चांगले हलवून मग उरलेले पेट्रोल. टाकी भरण्याआधी दर वेळी कॅन पुन्हा हलवावा. इंजिन थंड झाल्याशिवाय भरू नये आणि तोंडात विडी असताना तर नाहीच. बाजारात फोर-स्ट्रोक ग्रास कटरही आहेत. त्यांत ऑइल वेगळे भरायचे असते, पेट्रोलमध्ये मिसळायचे नसते. आपले यंत्र कोणते, हे आधी पाहून घ्यावे.

आणखी एक बाब अलीकडची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात अर्धा रिकामा कॅन उघडा राहिला किंवा झाकणावरचे पाणी आत गेले आणि पाणी मर्यादेबाहेर झाले, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन तळाशी बसते. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. यंत्राची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला बिनवंगणाचे द्रव जाते आणि ते जाम होते. मालक म्हणतो, ‘ऑइल कमी पडले’, आणि पुढच्या वेळी दुप्पट घालतो. चूक साठवणीची असते, शिक्षा फुप्फुसाला मिळते. म्हणून मिश्रण आठ-पंधरा दिवसांपुरतेच करावे, कॅन घट्ट बंद ठेवावा आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करावी.

धुरापलीकडचे धोके

डब्यातले ऑइल बदलून सगळे सुटते, असा समज मात्र नको. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक सहजतेने त्याला धरते. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही त्याची सुरुवातीची लक्षणे. उत्तम ऑइल घातले तरी हा वायू राहतोच. उघड्या बागेत वारा त्याला पसरवतो, पण पॉलिहाउसमध्ये, गोदामात किंवा बंद शेडमध्ये टू-स्ट्रोक यंत्र चालवणे धोक्याचे आहे. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली, असे तिथे समजू नये. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवेल, वायू नाही. वाऱ्याकडे पाठ करून एकाच जागी न थांबणे, तासाभराने यंत्र बंद करून बाजूला जाणे, दोघांनी आळीपाळीने काम करणे, हे साधे उपाय जास्त कामाचे.

फवारणी यंत्रात तर इंजिन पाठीवरच असते, मानेपासून वीतभर अंतरावर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कीटकनाशकांवर राज्यभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण फवारणाऱ्याच्या श्वासात औषधाबरोबर इंजिनाचा धूरही असतो, ही बाब कधी चर्चेत आली नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना म्हणून एक विनंती. हंगामात खोकला, डोकेदुखी, डोळ्यांची आग घेऊन कुणी आले तर ‘काम काय करता?’ एवढ्यावर न थांबता ‘यंत्र चालवता का, दिवसाला किती तास, त्यात ऑइल कोणते?’ हेही विचारावे. गोळीपेक्षा त्या उत्तराचा उपयोग जास्त होईल.

घरातले दोन धोके तर टाळण्यासारखेच आहेत. पहिला, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याचा. ते घशाऐवजी श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला रासायनिक सूज येते आणि माणूस दगावूही शकतो. दुसरा, मिश्रण पाण्याच्या बाटलीत भरून पडवीत ठेवण्याचा. लाल किंवा निळे पेट्रोल लहान मुलाला सरबतासारखे दिसते. कुणाच्या पोटात गेलेच तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. तोंड पुसून थेट रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी.

दिल्लीत जे झाले ते बागेत का नाही?

ऑइलच्या मापाचा प्रश्न आपल्या देशात एकदा गांभीर्याने हाताळला गेला आहे. दिल्लीच्या हवेबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये जे आदेश दिले, त्यांत ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत सर्व पेट्रोल पंपांवर टू-स्ट्रोक वाहनांना ऑइल आधीच मिसळलेले पेट्रोलच द्यावे, हेही होते. विचार सरळ होता. माप चालकाच्या हातात राहिले तर तो जास्तच घालणार. मग माप यंत्राकडे द्या. १९९९ पासून टू-टी ऑइलला देशभर कमी धुराची अट लागू झाली. जागतिक बँकेच्या अहवालातही कारणमीमांसा हीच होती : दुचाकीला दोन टक्के आणि तीनचाकीला तीन टक्के ऑइल पुरेसे असताना चालक जास्त घालतात, कारण त्यांना योग्य प्रमाण माहीत नसते, ऑइलमध्ये भेसळ असते आणि जास्त ऑइलने इंजिन टिकते असा त्यांचा समज असतो. पंचवीस वर्षांनंतर रिक्षा गेली, समज मात्र बागेत येऊन राहिला.

वाहनाला पीयूसी लागते, ग्रास कटरला लागत नाही. त्याचा धूर रस्त्यावरच्या शेकडो लोकांना न जाता एकाच माणसाला जातो, म्हणून त्याबद्दल ओरड होत नाही. पण छोटे इंजिन म्हणजे थोडे प्रदूषण, हे खरे नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबाने पालापाचोळा उडवणारे व्यावसायिक यंत्र तासभर चालवले, तर धुरके तयार करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे करायला २०१६ च्या मध्यम मोटारीला सुमारे १,७७० किलोमीटर धावावे लागते. त्या राज्याने २०२४ पासून अशा बहुतेक नव्या छोट्या पेट्रोल यंत्रांची विक्री बंदच केली. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जंगलात चेन सॉ चालवणाऱ्यांसाठी बेन्झीन जवळजवळ नसलेले वेगळे, ‘अल्किलेट’ पेट्रोल मिळू लागले. तिथे सुरुवातच कामगाराच्या श्वासाचा विचार करून झाली. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झीन चालते.

आपल्याकडे लगेच बंदी शक्य नाही आणि योग्यही नाही. डोंगरउतारावरच्या बागेत दिवसभर चालणारे, परवडणारे बॅटरीचे ग्रास कटर प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. अंगणाला आणि लहान फवारणीला मात्र बॅटरीचे यंत्र आजही पुरते. नवे घेताना त्याचा विचार आधी करावा. मोठ्या कामासाठी टू-स्ट्रोक राहणार असेल, तर तीन गोष्टी सहज करता येतील. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून अनुदानावर यंत्रे दिली जातात. त्यासोबत मोजपट्टी असलेली मिश्रणाची बाटली आणि मराठीतून, ठळक अक्षरात, लिटरला किती मिलि ते सांगणारी यंत्रावर चिकटवलेली पट्टी सक्तीची करावी. दुसरे, कृषी सेवा केंद्रांतून आणि दुकानांतून सुट्या टू-टी ऑइलची विक्री थांबवावी आणि एकदा वापरायच्या २० व ४० मिलिच्या सीलबंद मापांना उत्तेजन द्यावे. तिसरे, यंत्र किती टक्के इथेनॉलचे पेट्रोल सोसते, हे कंपन्यांनी यंत्रावरच लिहावे. अनेक हातयंत्रांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांची मर्यादा असते आणि पंपावर वीस टक्क्यांचे पेट्रोल असते. या दोन आकड्यांमधला फरक भरून काढण्याची जबाबदारी शेतकऱ्याची नव्हे.

या सगळ्यांपेक्षा सोपी गोष्ट मालकाच्या हातात आहे. ऑइल मालक आणतो, यंत्र रोजावरचा माणूस चालवतो. ऑइलची किंमत एकाच्या खिशातून जाते आणि धूर दुसऱ्याच्या छातीत जातो, म्हणून ही चूक इतकी वर्षे कुणाला महाग पडलेली नाही. या हंगामात ऑइल आणायला जाल तेव्हा डबा उलटा करून एफसी किंवा एफडी ही अक्षरे शोधा, सोबत एक सिरिंज घ्या आणि माप यंत्र चालवणाऱ्यालाही समजावून सांगा. आणि तो म्हणाला की ‘दादा, आज धूर फार येतोय’, तर काम थांबवून आधी कॅनमध्ये काय आहे ते पाहा.